मास्तरचं छोटं फाटक

५ जून

बाबा,

वर तीर्थरूप वगैरे लिहिणार होतो, पण तुम्ही म्हणाल, आता बरं सुचलं. म्हणून नुसतं बाबा.

लिहायचं लिहायचं म्हणत रोज टाळलं. पहिल्या दिवशी उलट्या होत होत्या, हे खरं कारण. दुसऱ्या दिवशी पेन सापडेना, हे अर्धं खरं. त्यानंतर पेन खिशातच होतं आणि मी लंबूबरोबर पत्ते कुटत होतो. लंबू म्हणजे माझ्याच मजल्यावर मेंढरांचं पेंड-पाणी करणारा पोरगा. इतका उंच, की या बुटक्या छतांखाली दिवसभर वाकून त्याच्या पाठीचं धनुष्य झालंय. फोन तुम्ही उचलत नव्हता, आणि आता इथे रेंजच नाही. पत्र टाकायला समुद्रात पेटी नाही. तरी लिहितो. कुठलं ना कुठलं बंदर येईलच.

मुद्दा असा, की मास्तर माझ्याजवळ आहे. जिवंत आहे आणि माझ्यापेक्षा जास्त खातोय.

तुम्ही धक्क्यावर उभे राहून दोन्ही हात हलवत होतात ते मी पाहिलं. ओरडत असाल. इंजिन सुरू झालं होतं, ऐकू काही आलं नाही. झालं ते असं, की रॅम्पवरच्या छोट्या फाटकाची कडी गंजली होती. मास्तर मेंढरांना वरच्या मजल्यावर सोडून नेहमीसारखा फाटकाशी येऊन उभा राहिला, मी कडी ओढली, ती हलेना. तेवढ्यात रॅम्प उचलला. मी धावत जाऊन मुकादमाला सांगितलं, "अहो, हा मेंढा मालातला नाही. हा आमच्या बाबांचा. मेंढरांना वर चढवतो आणि परत उतरतो, हेच त्याचं काम."

मुकादम म्हणाला, "मग त्याला म्हणावं पोहत जा."

नियमच तसा आहे म्हणे. बोटीवर चढलेलं जनावर पुन्हा आपल्या जमिनीवर उतरवायचं नाही, बाहेरचा रोग येतो. रॅम्प खाली आहे तोवर मास्तर कामगार. रॅम्प उचलला की मास्तर मेंढरू.

लंबूने विचारलं याला मास्तर का म्हणता. मी म्हटलं, पुढे हा चालला की मागे सगळा वर्ग रांगेत, कुणी चूं करत नाही. मग त्याला तुमची खूण दाखवली. जिभेने एकदा टक् केलं की मास्तर पुढे चालू पडतो, दोनदा केलं की वळून आपल्याकडे येतो. लंबूने दिवसभर टक् टक् करून डोकं उठवलं. मास्तरने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. माझं मात्र ऐकतो. माझी जीभ तुमच्यासारखी वाजते, एवढं तरी तुमचं माझ्यात आलंय.

निघायच्या आधी धक्क्यावर थोबाडीत मारलीत त्याचं मला काही नाही. माल चढवणाऱ्या सगळ्या टोळीसमोर मारलीत, त्याचं थोडं आहे. वर्षभराने परत आलो ते बोटीवर नाव लावूनच आलो, दोन दिवस घरी टेकलोही नाही, म्हणून राग आला असेल तर तो बरोबर. पण वर तुम्ही म्हणालात, "तुझ्यापेक्षा हा मेंढा बरा. निदान परत तरी येतो." टोळी किती हसली! मुकादम अजून मला "ए, न येणाऱ्या" अशीच हाक मारतो.

असो. मास्तरला वाळका पाव मिळतोय. काळजी नसावी.

११ जून

बाबा,

उकाडा म्हणजे काय हे मला ठाऊक आहे असं वाटायचं. बेकरीच्या भट्टीपुढे काढलेत की मी तीन महिने. (तिथून का पळालो ते एकदा सांगेन, त्यात एक मांजर आहे.) पण भट्टीपासून निदान लांब होता येतं.

इथे खालच्या मजल्यांवर वारा नाही. पंखे आहेत, ते गरम हवाच फिरवतात. मेंढरांच्या मुताची वाफ इतकी झोंबते की डोळ्यांतून पाणी काढत पेंड टाकावी लागते. आधी मेंढरू तोंड मिटून भरभर श्वास घेतं. मग तोंड उघडतं. मग जीभ बाहेर येते आणि मान लांब होते, जणू समोर काहीतरी दिसतंय. मग बसतं. खाली शेणाचा चिखल उन्हात ठेवलेल्या डांबरासारखा झालाय, त्यात बसलेलं मेंढरू उठत नाही. बाकीची त्याच्यावर चढतात, जरा उंच हवा मिळेल म्हणून. संध्याकाळी आम्ही वरची बाजूला काढतो तेव्हा खालची चपटी झालेली असतात. काल एकीला पायाला धरून ओढलं तर कातडी नुसती हातात आली, मोजा निघावा तशी. लंबू तिथेच ओकला. मी हसलो. का हसलो माहीत नाही.

बोटीवर एक डॉक्टरीणबाई आहेत. जनावरांच्या, सरकारने पाठवलेल्या. आता नियमच झालाय म्हणे, प्रत्येक बोटीवर सरकारचा एक डॉक्टर पाहिजे. मेंढरागणिक किती जागा हवी, किती गरम झालं की माल भरायचा नाही, किती मेली की बोटीची चौकशी लागते, सगळं त्यांना पाठ. ठेंगण्याशा आहेत, रबरी बूट त्यांना गुडघ्याच्या वर येतात. मुकादम त्यांना "नियमबाई" म्हणतो. त्या त्याला काहीच म्हणत नाहीत, ते त्याला जास्त लागतं.

चौकशी लागली की कंपनीचा परवाना जातो, आणि परवाना गेला की मुकादमाची नोकरी. म्हणून तो एक युक्ती करतो. तळाला एक चक्की आहे, मेलेलं मेंढरू तिच्यात टाकायचं की चुरा होऊन समुद्रात जातं. बाईंनी पाहण्याआधी ते चक्कीत गेलं, की ते मेलंच नाही. कधी जन्मलंच नव्हतं म्हणा ना. पहाटे उठून तो आमच्याकडून ओढकाम करून घेतो, आणि बाई मजल्यावर येतात तेव्हा कप्पे कसे मोकळेढाकळे. बाई म्हणाल्या, "जागा बरीच झाली हो इथे." मुकादम म्हणाला, "समुद्राची हवा मानवते त्यांना. बारीक झालीत."

माझं एकच काम त्याला आवडतं. "कड्या छान फिरताहेत," म्हणाला, "निघायच्या दिवशी सकाळी तू तेल दिलंस ना सगळ्या फाटकांना, एक करकरत नाही." 

मास्तर वरच्या मजल्यावर आहे, तिथे वारा लागतो. पण मेंढरं कोपऱ्यात थर लावायला लागली की मी त्याला खाली नेतो आणि टक् करतो. तो चालू पडतो, थर सुटतो, मेंढरं त्याच्यामागे गोल गोल फिरतात, खालच्यांना श्वास मिळतो. बाईंनी हे पाहिलं आणि म्हणाल्या, "असला एक प्रत्येक बोटीवर पाहिजे, असा नियम करायला हवा." आयुष्यात पहिल्यांदा कुणी सरकारी माणूस मला बघून हसला.

१६ जून

बाबा,

ज्या बंदरात माल उतरायचा होता त्यांनी नाही म्हटलं. त्यांचा डॉक्टर आला, त्याने काही मेंढरांचे ओठ उलटे करून पाहिले. खपल्या होत्या. आपल्याकडे त्याला मावा म्हणतात, येतो आणि जातो, तुम्हीच लहानपणी मला दाखवला होतात. बाईंनीही तेच सांगितलं. पण तो म्हणाला लाळ-खुरकूत असेल, बोट मागे न्या. आणि आपलं सरकार म्हणतं, मागे आणू नका, नियम आहे. दोन्ही सरकारं नियमानेच वागताहेत. आम्ही मधे, नांगर टाकून उभे. बोट उभी राहिली की होता नव्हता तो वाराही गेला.

आता जे झालं ते सरळ सांगतो. उगाच इकडून तिकडून कळायला नको.

मरणं इतकी वाढली की नुसती मेलेली चक्कीत टाकून भागेना. मुकादम म्हणाला, "बसलं ते मेलं." म्हणजे जे बसलंय, उठत नाही, ते आत्ताच टाका, उद्याची मेहनत वाचेल. कुणी हललं नाही. मग त्याने स्वतः सुरुवात केली. हातात लोखंडी आकडा, तो जबड्याखाली घालायचा आणि ओढत न्यायचं. मेंढरं दुखलं तरी ओरडत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. कापतानाही गप्प असतात. ही ओरडली, बाबा. माणसासारखी नाही, लोखंडी पलंग फरशीवरून ओढावा तशी. चक्कीत पहिले पाय गेले. डोकं बाहेर होतं, डोळे आमच्याकडे. एकदम संपत नाही ते, चक्की अडते, मग पुन्हा घेते.

बाई धावत आल्या. सरळ चक्कीच्या दाराशी जाऊन बटण बंद केलं आणि हात चौकटीवर ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आता मला टाका."

मुकादम म्हणाला, "नियमबाई, हात काढा."

त्यांनी नाही काढला. त्याने दार ओढून घेतलं. जोरात, मुद्दाम. जाड लोखंडी दार आहे ते. आवाज सुकी काटकी मोडावी तेवढाच आला. बाईंनी हाताकडे पाहिलं, बोटं भलतीकडेच बघत होती, आणि त्या शेणात हळूच खाली बसल्या.

मुकादम म्हणाला, "बसलं ते मेलं." गंमत म्हणून म्हणाला. खरंच, हसत होता.

माझ्या हातात पेंडीचं फावडं होतं. पुढचं मी ठरवलं नाही. पहिला फटका जबड्यावर बसला, दुसराही तिथेच. तो पडला तरी मी मारतच होतो. लंबूने मागून कव घालून मला उचललं तेव्हा फावड्याच्या पात्यावर दोन दात चिकटले होते. वाईट वाटलं का म्हणाल, तर मारताना नाही वाटलं. चांगलं वाटलं. तेच आता डोक्यातून जात नाही. तुम्ही मला मारलंत तेव्हा तुम्हालाही असंच चांगलं वाटलं का? खोचून विचारत नाही, खरंच विचारतोय.

कप्तानाने मला पेंडीच्या कोठीत कोंडलंय. मुकादमाचा जबडा दोरीने बांधलाय. शिव्या देतो, पण नुसतं ऊं ऊं येतं. लंबू म्हणतो, बोटीवर इतकी शांतता कधी नव्हती.

४ जुलै

बाबा,

आम्ही परत आलोय, तिकडे माल कुणी घेईना म्हणून. आपल्याच बंदराच्या तोंडाशी उभे आहोत. कोठीच्या झरोक्यातून तुमच्या मेंढरांच्या यार्डाचं पत्र्याचं छप्पर चमकताना दिसतं. एवढ्या जवळून पत्र लिहायचं म्हणजे शेजारच्या खोलीत बसून तार करण्यासारखं आहे.

सरकारचा हुकूम आला. एकही मेंढरू उतरणार नाही. सगळी बोटीवरच मारायची.

कप्तान कोठीत आला, स्वतः. पेंडीच्या पोत्यावर बसला. म्हणाला, "मेंढरं पुढच्या मजल्यावर, मारायच्या जागी, यायला तयार नाहीत. रक्ताचा वास लागलाय. तुझा तो मेंढा त्यांना आणेल?"

मी म्हटलं, "आणेल. पण मला काय?"

"फावड्याचं मी विसरतो."

"ते नका विसरू. मास्तरला सोडा. शेवटी तो जिवंत राहिला पाहिजे."

तो म्हणाला, "ठीक. शब्द दिला."

म्हणून मी ते केलं. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. पाच दिवस मी मास्तरला मजल्यामजल्यावर नेलं, एकदा टक् केलं, तो निघाला आणि त्याच्यामागे सगळी. मान खाली, एकमेकांच्या पाठीला नाक लावून. पुढच्या मजल्याच्या तोंडाशी लंबूने एक छोटं फाटक बांधलं होतं, आपल्या रॅम्पवर आहे तसंच. मास्तर त्यातून बाजूला निघायचा, मी दोनदा टक् करायचो, पाव द्यायचो. बाकीची सरळ जायची.

पहिल्या दिवशी बाईंनी मोडका हात गळ्यात बांधून, उभं राहून बघितलं, नियमाप्रमाणे होतंय की नाही. कपाळाला पिस्तूल लावायचं, मेंढरू बेशुद्ध होतं, मग सुरी. ते ठीक चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी काडतुसं संपली. बाईंनी काम थांबवा म्हटलं, किनाऱ्यावर निरोप पाठवला. उत्तर आलं की चालू ठेवा. मग हातोडे आणले. हातोडा नेहमी जागेवर बसत नाही, बाबा. माणूस दमतो. चौथ्या दिवशी तर सरळ सुरीच. रक्त घोट्यापर्यंत, गरम, बुटात शिरतं. एकाचा पाय घसरला आणि स्वतःचीच सुरी मांडीत गेली. तो तिथेच मेंढरांमधे आडवा झाला, कुणाचं रक्त कुणाचं तेही कळेना. त्याला वर काढेपर्यंत तो गेला होता. मला त्याचं नाव माहीत नव्हतं. तो रोज सकाळी मला "काय पाहुणे" म्हणायचा.

आणि मास्तर दर खेपेला फाटकाशी येऊन तोंड वर करायचा. पाव द्या म्हणून. पायाची लोकर लाल झाली होती, पण नजर तीच.

माल चढवून झाला की तुम्ही यार्डाच्या नळावर हात धुवायचात, कोपरापर्यंत, साबण लावून. मला लहानपणापासून कळत नव्हतं. हात तर स्वच्छच असायचे. तुम्ही मेंढराला बोटही लावत नव्हतात, नुसती जीभ वाजवायची. आता कळलं. मीही धुतले. पुन्हा धुतले.

९ जुलै

बाबा,

मेंढरं संपली. बोट इतकी गप्प आहे की पंख्यांचा आवाज येतो.

सकाळी कप्तान आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सरकारी माणसं येताहेत तपासायला. श्वास घेणारं एकही जनावर नको, असं लेखी आहे. माझ्या हातात काही नाही."

"शब्द दिला होता तुम्ही."

"दिला होता," म्हणाला आणि गेला.

मी मास्तरला घेऊन पेंडीच्या कोठीत आलोय आणि आतून कडी लावलीय. मला जिथे कोंडलं होतं तीच जागा, आता माझी मीच कोंडून घेतलीय. मागे पोत्यांची थप्पी आहे, तिच्यापलीकडे जुनी रिकामी टाकी. तिची झडप इतकी लहान की माणूस वाकून बघणार नाही. मेंढा शिरू शकतो, पण शिरत नाही. अंधार आहे म्हणून चारही पाय रोवून उभा राहतो. ढकललं, ओढलं, पाव दाखवला, टक् केलं. नाहीच. माझ्या शब्दावर तो मरणाच्या तोंडापर्यंत गेला, पण अंधारात जात नाही. आजवर तुमच्याशिवाय त्याला अंधारात कुणी नेलंय?

बाई मघाशी पाण्याची बादली ठेवून गेल्या. हाताला हे एवढं मोठं बँडेज. मी दार किलकिलं केलं. म्हणाल्या, "याचं रक्त मी तपासलंय, काही नाही याला. पण हुकूम वाचणाऱ्याला रक्त वाचता येत नाही." मग म्हणाल्या, "टाकीत बसला तर बोट धुवून होईपर्यंत तिथे कुणी जाणार नाही. धुण्यावर देखरेख माझीच आहे. मी काही पाहिलं नाही. हात मोडल्यापासून मला दिसतही कमी." बिचाऱ्या हसल्या. मग दुखलं असेल, तोंड वाकडं झालं.

बाहेर दारं आपटताहेत, कप्तानाची माणसं एकेक खोली बघताहेत. ऊं ऊं ऐकू येतंय, म्हणजे मुकादमही बरोबर आहे. सरकारी लाँच लागली आहे. झरोक्यातून शिडी दिसते. एक साहेब चढला. दुसरा चढला, त्याच्याकडे पिस्तूल आहे. आणखी एक जण खाली आहे. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या झग्यात, म्हातारा, दोन्ही हातांनी दोर इतका घट्ट धरलाय की वर सरकता येईना. वरून कुणीतरी ओरडतंय, "चला आजोबा, खाली बघू नका."

खालीच बघतोय तो.

बाबा, तुम्ही आहात.

जो माणूस रॅम्पच्या टोकापलीकडे कधी पाऊल टाकत नाही, पाण्याची इतकी भीती, की आईच्या आग्रहाने एकदा होडीत बसलात तर डोळे मिटून बसलात, तो दोराच्या शिडीवर लोंबकळतोय.

साहेबाचा आवाज येतोय. "मालकालाच आणलाय. हाकेला येईल म्हणतात. आजोबा, बोलवा त्याला."

तुम्ही आता याच गल्लीत उभे आहात, दोन दारं सोडून. मास्तरचे कान ताठ झालेत. त्याला तुमचा वास आलाय. मी एका हाताने त्याचं तोंड धरलंय, एका हाताने लिहितोय. दोनदा वाजवलंत की संपलं, बाबा. तुमच्या दोन टक् पुढे माझा हात पुरणार नाही. तो हे दार फोडून येईल, पाव मागत.

वाजवलंत.

एकदा.

साहेब म्हणतोय, "पुन्हा." तुम्ही पुन्हा वाजवलंत, मधे बराच वेळ जाऊ देऊन. एकदाच. पुढे जा.

मास्तरने माझ्या हातातून मान सोडवली. पोत्यांमागे गेला. टाकीची झडप हुंगली आणि खाली वाकून आत शिरला, अंधारात, मागे न बघता. झडप मी लावली.

तुम्ही बाहेर म्हणताय, "नाही येत. मेला असणार तो."

छोट्या फाटकाची कडी गंजली नव्हती, मी ती ओढलीच नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. या कोठीची पण नाही. आता काढतो. बाहेर येऊन साहेबांना सांगतो की मेंढा मी काल समुद्रात टाकला, मला न्या, शोधत बसू नका. फावड्याचंही सांगतो. तुम्ही नुसता चेहरा पाडा, तो तुम्हाला छान जमतो.

हा कागद बाईंच्या बादलीखाली ठेवतोय. बाबा, दाराकडे बघा, मी येतोय.